लांडग्याचं तोंड

लांडग्याऐवजी नणंद, एवढाच काय तो फरक. बाकी सगळं सासऱ्यांनी दाखवलं होतं तसंच करायचं असं पाकिझेनं ठरवलं आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.

चाकूही सासऱ्यांचाच. दुर्मुश आजोबा कल्हईच्या धंद्यात पडण्याआधी डोंगरात मेंढ्या राखायचे, तेव्हापासूनचा. हाडाच्या मुठीचा, मिटला की पातं मुठीत जाऊन निजणारा. एखादी शेळी संध्याकाळी परतली नाही की ते अंगणात उभे राहून दुआ म्हणत, पात्यावर फुंकर घालत आणि चाकू खटकन मिटत. मग त्या रात्री आसपासच्या लांडग्यांचा जबडा म्हणे उघडत नसे. सकाळी शेळी सापडली की आधी चाकू उघडायचा, मग शेळीला हाका मारायच्या. कारण तोंड बांधलेला लांडगा उपाशी मेला तर ते पाप बांधणाऱ्याच्या मानेवर. हे शेवटचं आजोबा दर वेळी बजावून सांगत, आणि पाकिझे दर वेळी मान डोलावून विसरून जात असे.

"या अल्ला," ती पुटपुटली, "नेबाहत वन्सं मनानं वाईट नाहीत, तुला माहीतच आहे. त्यांना काही होऊ नये. फक्त आज, पाहुणे जाईपर्यंत..." पुढचं तिनं अल्लाच्या समजुतीवर सोडलं, फुंकर घातली, चाकू मिटला आणि दलियाच्या बरणीत खोल खुपसला.

नेबाहतच्या तोंडानं पाकिझेच्या मुलीची, बेल्किसची, दोन स्थळं परत पाठवली होती. पहिल्या वेळी मुलाची आई म्हणाली, आमच्या मुलानं सिगारेटला कधी हात लावला नाही. नेबाहतनं मुलाच्या पिवळ्या पडलेल्या मिशीकडे बघत विचारलं, "मग पेटवून तोंडात कोण देतं, तुम्ही का?" दुसऱ्या वेळी मुलाचे आजोबा अगदी रीतसर मुलगी मागत असताना ती मध्येच म्हणाली, "आमच्या बाबांची मोठी कढई मागायला आलात तेव्हाही असंच गोड बोलला होतात. ती अजून आली नाही. मुलगी ईदेला तरी माहेरी येईल ना?" आजोबांनी अर्धी कॉफी टाकून काठी शोधायला सुरुवात केली.

आणि आज तिसरं. नाल्लिहानहून, दुपारच्या बसनं. मुलगा इथल्याच शाळेत मास्तर, नाव तुर्गुत. रमझान दाराशी आला होता. रमझानात मुलगी मागायला कुणी येत नाही, आणि पुढं दोन ईदांच्या मध्ये निकाह लावत नाहीत. म्हणजे आज ठरलं नाही तर उन्हाळा उलटणार, आणि उन्हाळ्यात तुर्गुतची बदली पार पूर्वेच्या टोकाला, कार्सला. कार्सला एकटा गेलेला मास्तर तिकडचाच जावई होऊन बसतो, हे पाकिझेच्या मामेभावानं सगळ्या खानदानाला दाखवून दिलं होतं.

नेबाहत जेवणवेळेनंतर आली. काखेत भलंमोठं बोचकं, डोक्यावर ठेवणीतला रुमाल, खांद्यावर झालरीची शाल.

"या वन्सं, या," पाकिझे म्हणाली. "प्रवास कसा झाला?"

नेबाहतनं छातीवर हात ठेवून मान लववली.

"ड्रायव्हर तोच होता का, मिशीवाला?"

मिशीवाल्या ड्रायव्हरवर नेबाहत उंबऱ्यात उभी राहून दोन पेले पाणी संपेपर्यंत सहज बोलली असती. तिनं फक्त एक खोल श्वास घेतला, इतका खोल की शालीची झालर हलली, शाल उतरवून दिली आणि बोचकं घेऊन सरळ माडीवरच्या खोलीत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पाकिझेनं मनोमन आजोबांना दुआ दिली. चाकू लागू पडला होता.

तिच्या मागं शाल घडी करत उभी असलेली हुरिये, म्हणजे तिची धाकटी जाऊ, हळूच हसली. हुरियेचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात राहायची, आणि भिंतीवरून फांदी टाकणाऱ्या अक्रोडाच्या झाडावरून दोघी जावांचा मागल्या पानगळीपासून अबोला होता. आजच्यापुरता तो उठवला होता.

"जाऊबाई, वन्सं आज शांत दिसतात," हुरिये म्हणाली.

"दमल्या असतील."

"हो, दमल्याच असतील."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. हुरियेनं शाल घेतानाच तिच्या झालरीला घट्ट गाठ मारली होती आणि गाठीवर नेबाहतच्या जिभेचं नाव घेतलं होतं. ही विद्या तिच्या माहेरची. तिच्या मते चाकूबिकू ही धनगरांची कामं. चाकूचं तिला अर्थात माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मत हेच राहिलं असतं.

तोवर पाकिझेचा नवरा रुश्तू दाढी करून, गळाबंद सदरा घालून खाली आला. चहाच्या दुकानात बसून बायकांच्या नजरेच्या मण्यांची आणि ताईतांची टवाळी करणारा हा माणूस. मी तांबं ओळखतो आणि कथील ओळखतो, डोळ्यांना दिसत नाही ते मी ओळखत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. नेबाहत माडीवरून उतरताना त्याला दिसली तेव्हा तो म्हणाला, "ताई, बरी आहेस ना?"

नेबाहतनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचा कान धरून हलकेच पिळला, तो लहान असताना पिळायची तसा, आणि बैठकीत जाऊन खिडकीजवळच्या आसनावर बसली.

रुश्तूचा कान लाल झाला तो लालच राहिला. सकाळी दुकान उघडण्याऐवजी त्यानं दुकानाचं कुलूप कडीतून काढलं होतं, ताईचं नाव घेऊन ते नुसतं हवेत मिटलं होतं आणि घरी आणून शेगडीच्या कोनाड्यात लपवलं होतं. दुकानाची कडी सुतळीनं बांधली होती. आपण असं का केलं हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं ते कुलूप बिघडलंय असं सांगितलं असतं. उत्तर तयार होतं. पण ताईनं तर काही विचारलंच नाही.

पाकिझेनं नणंदेसमोर पापुद्र्याच्या बोरेकची बशी ठेवली. नेबाहतनं हात छातीवर ठेवून नको अशी खूण केली. चहा ठेवला. तोही नको. घरचं लोणी घालून भाजलेली बिस्किटं, जी ती स्वतःच्या ताटात कमी पडली म्हणून एकदा रुसली होती, तीसुद्धा नको.

पाकिझेला आजोबांचं बजावणं आठवलं. बांधलेला लांडगा उपाशी मेला तर.

*

बेल्किसनं यातलं काही केलं नव्हतं. आपल्या घरात आत्याला सगळ्यात कमी भिणारी आपणच, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि त्या दोन मोडलेल्या स्थळांचं खरं काय तेही या घरात तिला आणि आत्यालाच ठाऊक होतं. पिवळ्या मिशीवाला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी तिनं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून, मला नको, म्हटलं होतं. कढईवाल्यांच्या वेळीही तेच. आत्यानं एवढंच विचारलं होतं, "नक्की ना? मग घरच्यांचं मी ऐकून घेते." आणि घरच्यांचं तिनं ऐकून घेतलं. पाकिझे महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही, हुरियेनं तिला गल्लीभर नावं ठेवली, आणि ती विणकाम करत बसली.

तुर्गुतचं वेगळं होतं. तो एकच किटली सारखी कल्हईला आणायचा. बाबा म्हणायचे, या मास्तरला भांडं जपता येत नाही. किटलीला काही झालेलं नसायचं. बेल्किस दुकानात डबा घेऊन जायची त्याच वेळेला ती किटली काळी पडायची.

मागच्या आठवड्यात ती आत्याकडे गेली तेव्हा म्हणाली, "आत्या, हा मला हवाय."

"मग मी काय करू?"

"काही नको करूस. मागतील तेव्हा, दिली, एवढं म्हण."

"एवढंच बोलायचं?" आत्या विणकामातून वर न बघता म्हणाली. "हे मला जरा जड जाईल."

तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता बेल्किस स्वयंपाकघरात कॉफीची पितळी भांडी मांडत होती आणि हसू येत नव्हतं. आल्यापासून आत्या तिच्याशीसुद्धा बोलली नव्हती. केसांवरून हात फिरवला होता, कपाळाचा मुका घेतला होता, पण शब्द नाही. रागावली असेल? की दोन वेळा माझ्यासाठी वाईटपणा घेऊन आता तिचं मन उडालं?

दार वाजलं. पाहुणे आले. तुर्गुतच्या हातात फुलं, त्याच्या वडिलांच्या हातात चॉकलेटचा डबा, आईच्या छातीवर नजरेचा मोठा निळा मणी. बेल्किसनं सगळ्यांच्या हातांवर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं, डबा स्वयंपाकघरात आणला. वर सोनेरी दोरीची अशी गाठ होती की ती नखांनी सुटेना. आईनं भिजवायला सांगितलेला दलिया काढायला तिनं बरणीत हात घातला होता तेव्हाच तिला तिथं आजोबांचा चाकू लागला होता. घरातल्या वस्तू कुठं कुठं सापडतात याचं तिला आता नवल वाटेनासं झालं होतं. तिनं चाकू उघडून दोरी कापली, पुसून मिटला आणि फळांच्या तबकात संत्र्यांशेजारी ठेवून दिला.

तबक बैठकीत गेलं.

मग कॉफी. तुर्गुतच्या पेल्यात साखरेऐवजी मीठ, तेही हात आखडता न घेता. तोंड वाकडं न करता पिईल तो नवरा संसारात टिकेल अशी रीत. तुर्गुतनं एक घोट घेतला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण तो म्हणाला, "फार छान झालीय," आणि तळापर्यंत प्यायला. पाकिझेच्या मनात तो त्याच क्षणी जावई झाला. ती हरखून मुलाच्या आईला म्हणाली, "विहीणबाई, अजून एक—" आणि गप्प झाली. ठरायच्या आधी विहीण म्हटलं. तिनं पटकन, अपशकुन टळावा म्हणून, कानाची पाळी ओढून लाकडी मेजावर बोटं वाजवली. मुलाच्या आईनंही, म्हणजे मेलाहत हानिमनं, तेच केलं. दोघी एकमेकींकडे पाहून मनापासून हसल्या.

हसली नाही ती नेबाहत. तिच्यापुढची कॉफी तशीच होती. वरचा फेस बसून गेला होता.

मेलाहत हानिमच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. मुलीच्या हातची कॉफी घरातल्या थोरलीनं न शिवता बाजूला ठेवली. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. शाकिर एफेंदींना वाटलं, वेळ झाली अशी खूण आहे. त्यांनी घसा खाकरला, जाकिटाची गुंडी लावली आणि नेबाहतकडे वळून म्हणाले, "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची मुलगी बेल्किस आमच्या तुर्गुतसाठी मागतो."

खोलीत सगळे नेबाहतकडे बघायला लागले.

ज्या तोंडानं आज उघडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच तोंडातून 'दिली' हा शब्द यायचा असतो, हे पाकिझेच्या आत्ता ध्यानात आलं. आई गेल्यावर रुश्तूला कडेवर घेऊन वाढवलं ते नेबाहतनं. बेल्किसच्या कानात तिचं नाव सांगितलं ते नेबाहतच्या पसंतीचं. ती समोर बसलेली असताना बापानं 'दिली' म्हणणं म्हणजे तिला जिवंतपणी उठवून बाजूला ठेवणं. हे रुश्तू करणार नाही, आणि करावं असं पाकिझेलाही वाटत नव्हतं.

नेबाहतनं शाकिर एफेंदींकडे बघून अगदी मऊ हसू केलं. मग हात उचलला आणि बोटानं खिडकीबाहेर दाखवलं.

खिडकीतून बाजाराच्या मशिदीचा मिनार दिसायचा. त्याच्या पायथ्याशी बसथांबा दिसायचा.

मेलाहत हानिमनं बघितलं. नाल्लिहानची बस तिथं उभी होती.

"बस दाखवतायत?" ती नवऱ्याला हलक्या आवाजात म्हणाली. "आम्हाला बस दाखवतायत का?"

"बस कशी दाखवतील, बाई."

"मग काय दाखवतायत? तिथं दुसरं काय आहे?"

"ताई," रुश्तू घाईघाईनं म्हणाला, "ताई, विचारतायत ते. मुलगी मागतायत."

नेबाहतनं मान लववली, पुन्हा बाहेर बोट दाखवलं आणि तळवा आडवा धरला, थांबा अशा अर्थानं. मेलाहत हानिमला तो, पुरे झालं, अशा अर्थानं दिसला. ती हातातली पिशवी मांडीवर ओढून बसली.

"मी जरा पाणी बघतो," रुश्तू म्हणाला. पाणी कुणीच मागितलं नव्हतं. त्याच्या मागोमाग दोघी जावाही उठल्या.

*

"मी बांधलंय," पाकिझे म्हणाली. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि ती बरणीत कोपरापर्यंत हात घालून दलिया उपसत होती. "मीच. आजोबांच्या चाकूनं. लांडग्याचं बांधतात तसं. हसू नका."

"कोण हसतंय?" रुश्तू म्हणाला.

"त्या जेवल्याही नाहीत. मला वाटलं नुसती जीभ बांधली जाईल, तर सगळं तोंडच बांधलं गेलं. आणि चाकू नाही इथं."

हुरियेनं ओठ दुमडले. "जाऊबाई, चाकूनं काही झालं नाही. माणसाला चाकू लागत नाही. गाठ लागते."

"कसली गाठ?"

"शालीच्या झालरीला. मी मारली. चांगली बसली होती."

पाकिझेनं दलियातून हात काढला. "तू माझ्या नणंदेचं तोंड बांधलंस?"

"तुमच्या एकटीच्या नणंद आहेत का त्या? आणि तुम्ही नाही बांधलंत?"

"मी घरातली आहे."

"भिंत तुम्ही घातलीत, मी नाही."

"अक्रोड काढू नकोस आता मध्ये."

"मी काढलं नाही, तुम्हीच काढलंत."

"एक मिनिट," रुश्तू म्हणाला. तो शेगडीच्या कोनाड्याकडे बघत होता. "कुलूपही आहे एक."

दोघी जावा एकाच वेळी वळल्या. अक्रोडाच्या फांदीनंतर पहिल्यांदा त्या एका बाजूला उभ्या होत्या.

"तुम्ही?" पाकिझे म्हणाली. "कथील ओळखणारे?"

"बायकांची कामं, भावोजी," हुरिये म्हणाली. "चहाच्या दुकानात सांगायचं का?"

"बिघडलं होतं ते कुलूप," रुश्तू म्हणाला, आणि मग खाली बघून, "दोन स्थळं गेली. मुलगी किती दिवस हसून दाखवेल?"

पाकिझेनं हाताला चिकटलेला दलिया झटकला.

दार ढकलून बेल्किस आत आली, कोलोनची बाटली हातात. "त्या उठायच्या बेतात आहेत. तुर्गुत खाली बघतोय. आत्या का बोलत नाही? तुम्ही तिला काय म्हणालात?"

"आजोबांचा चाकू बघितलास का?"

"दलियातला? त्यानं मी डब्याची दोरी कापली. फळांच्या तबकात आहे."

पाकिझे मटकन स्टुलावर बसली. "उघडलास? बिस्मिल्ला म्हणून उघडलास की तसाच?"

"दोरी कापायला कोण बिस्मिल्ला म्हणतं, आई?"

"आणि परत मिटलास?"

"मिटला."

"तसाच उघडला म्हणजे सुटलं नाही," हुरिये विचार करत म्हणाली, "आणि परत मिटला म्हणजे वरून आणखी एक बांधलं. तुझंही झालं त्यात."

बेल्किस एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला सगळं समजलं आणि तिला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. पण त्यातलं कुठलंच करायला वेळ नव्हता.

"मी आणते चाकू," हुरिये म्हणाली आणि बैठकीत गेली.

उरलेली तिघं दाराच्या फटीतून बघत राहिली. मेलाहत हानिमनं, निघण्यापूर्वी हातांना काहीतरी हवं म्हणून, तबकातून तोच चाकू उचलला होता. हुरियेनं हात पुढं केला. "तो देता का जरा?" मेलाहत हानिमनं द्यायला हात लांब केला, आणि दोघी तिथंच थबकल्या. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं. आणि आज भांडण कुणाला हवं होतं? मेलाहत हानिमनं तो मेजावर ठेवला. मेज नेबाहतच्या बाजूला झुकलेलं होतं. चाकू घरंगळला आणि तिच्या मांडीशी येऊन थांबला.

नेबाहतनं तो उचलला.

बापाचा चाकू. हाडाच्या मुठीवर त्याच्या अंगठ्यानं पडलेला खळगा अजून होता. त्या खळग्यात तिचा अंगठा बसला. मुठीच्या खाचेत दलियाचे दोन दाणे अडकले होते. तिनं दाणे बघितले, मग वर बघितलं. स्वयंपाकघराच्या फटीत एकावर एक तीन डोळे होते.

मग तिला सगळं कळलं, आणि सकाळपासून धरून ठेवलेलं हसू असं काही उसळून आलं की तिला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

तिनं तोंड उघडलं नव्हतं ते कुणी बांधलं म्हणून नाही. पहाटे नमाजाच्या आसनावर तिनं स्वतःच बांधून घेतलं होतं. जकेरिया पैगंबरांची वाचा अल्लानं काही दिवस काढून घेतली होती, तेव्हा त्यांच्या घरी आनंद यायचा होता. त्यांच्या नावानं रमझानच्या आधीच्या शाबान महिन्यात एक दिवस रोजा धरायचा, अजान होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि मग फळं, सुकामेवा मांडून, मेणबत्त्या लावून मागायचं ते मागायचं. सांगितलेला नवस अर्धा होतो, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी आपण बोललो की बिघडतं, तोच दिवस न बोलता अल्लाला द्यावा असं तिला वाटलं. पाहुणे संध्याकाळी येतील असा तिचा हिशेब होता. दुपारची बस त्यात बसली नव्हती.

भुकेचं तिला काही वाटत नव्हतं. रोजे ती लहानपणापासून करत होती. पण जीभ. मिशीवाल्या ड्रायव्हरनं वळणावर जे केलं होतं ते अजून तिच्या जिभेवर जळत होतं. हुरियेनं केसांना लावलेला रंग. मेलाहत हानिमचा तो मणी, गाईच्या गळ्यात शोभेल एवढा. आणि येताना बाजारात बघितलेलं भावाचं दुकान, कडीला सुतळी. अल्ला आपल्याला नेमकं काय सोडायला सांगतो हे त्या दिवशी तिला चांगलंच कळलं.

फटीतल्या बेल्किसच्या डोळ्याकडे बघवत नव्हतं. पण मिनारावर अजून ऊन होतं, थोडंसंच, टोकाला.

नेबाहतनं चाकू हळूहळू उघडला.

फटीतून कुणीतरी श्वास घेतला.

तिनं तोंड किंचित उघडलं, जणू बोलणारच. मग खटकन चाकू मिटला.

आत स्टूल पडल्याचा आवाज आला.

पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. शाकिर एफेंदी सौजन्यानं म्हणाले, "जुनी वस्तू दिसते." नेबाहतनं मान डोलावली आणि आणखी एकदा उघडून मिटून दाखवला. स्वयंपाकघरात पाकिझेनं रिकाम्या हातानं परतलेल्या हुरियेचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं, आणि हुरियेनं तो सोडवला नाही.

मिनाराच्या टोकावरचं ऊन गेलं. नेबाहत उठली, चाकू मेजावर ठेवला आणि काही न बोलता माडी चढून गेली.

"झालं," मेलाहत हानिम म्हणाली आणि कोट मागितला. तुर्गुत उठला नाही. "आई, थोडं थांब." "कशाला थांबू? बसही दाखवली, चाकूही दाखवला." "आई, मी जात नाही," तो म्हणाला, इतक्या साधेपणानं की त्याच्या आईनं कोटाची एक बाही तशीच लोंबत ठेवली.

पाकिझे धावत आली, मेजावरचा चाकू घेतला, बिस्मिल्ला म्हणून उघडला. कोनाड्याशी रुश्तू कुलपात किल्ली फिरवत होता. हुरिये खुंटीवरच्या शालीची गाठ दातांनी सोडत होती. आणि बाजाराच्या मशिदीतून अजान सुरू झाली.

जिन्यावर पावलं वाजली. नेबाहत दोन्ही हातांत मोठं तांब्याचं तबक घेऊन उतरत होती. भावानंच कल्हई केलेलं. त्यात खजूर, बदाम, मनुका, अंजीर, सुकी जर्दाळू, सफरचंदं, भाजलेले हरभरे आणि मध्ये न पेटवलेल्या बारीक मेणबत्त्या. मेलाहत हानिमनं ते तबक बघितलं आणि तिची लोंबती बाही कोटातून आपोआप बाहेर आली.

"जकेरिया पैगंबरांचं," ती म्हणाली. "गप्प राहायचा रोजा. अगं बाई. आमच्या आईनं माझ्या वेळी धरला होता."

नेबाहत बसली. ओंजळ करून दुआ मागितली. पाण्याचा एक घोट घेतला, एक खजूर तोंडात टाकला, बी काढून बशीच्या कडेला ठेवली. सगळी खोली त्या बीकडे बघत होती.

"हुरिये," ती म्हणाली. आवाज दिवसभर न वापरल्यानं घोगरा झाला होता. "झालर दातांनी ओढू नकोस, रेशमी आहे. रुश्तू, दुकानाला सुतळी बांधून येतात का? कल्हईला कुणी शिवणार नाही, पण लोक बघतात. पाकिझे, चाकू धुऊन ठेव, दलिया अडकलाय." मग ती शाकिर एफेंदींकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा. अल्लाची आज्ञा असेल तर आम्ही कोण? दिली. दोघांना सुखात ठेवो."

पाकिझे रडायला लागली. शाकिर एफेंदींनी डोळे पुसायला जो रुमाल काढला तो मेलाहत हानिमनं आधी घेतला. तुर्गुतनं नेबाहतच्या हाताचा मुका घेऊन तो कपाळाला लावला. ती त्याला न्याहाळत म्हणाली, "किटली आता कोण आणणार?" तो कानांपर्यंत लाल झाला. रुश्तूला त्यातलं काही कळलं नाही. मेणबत्त्या लावल्या. मेलाहत हानिमनंही एक लावली आणि डोळे मिटून काहीतरी मागितलं. काय ते सांगितलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं या घरात वाद होता. पाकिझे म्हणायची, चाकू उघडला तेव्हा त्या बोलल्या, मी तिथंच उभी होते. हुरिये म्हणायची, गाठ. रुश्तू काही म्हणायचा नाही, पण कुलूप त्यानं पुन्हा दुकानाला लावलं नाही, नवं आणलं. एवढं मात्र झालं की त्या संध्याकाळी हुरियेनं अक्रोडाची परात भरून जावेच्या ओट्यावर ठेवली, आणि पाकिझेनं ती परत केली नाही.

पाहुणे निघाले तेव्हा पाकिझेनं रीतीप्रमाणं त्यांच्या मागं वाडगाभर पाणी ओतलं, त्यातलं निम्मं रुश्तूच्या बुटावर. सगळे बसपर्यंत पोचवायला गेले. ओट्यावर आत्या आणि भाची राहिल्या. नेबाहतला भूक लागली होती. ती एका हातानं बोरेक खात होती आणि दुसऱ्या हातानं बोलत होती. ड्रायव्हर वळणासकट संपला, केसांचा रंग संपला, मणी संपत आला होता.

"आत्या," बेल्किस म्हणाली, "माझा जीव जायची वेळ आली होती."

"माझी नाही आली? दोनदा तुझ्यासाठी बोलले, त्याला काही लागलं नाही. आज एकदा गप्प राहिले ते विचार." तिनं बोटं पुसली. "पुढच्या वेळी कुणी आवडलं तर आधी वार बघत जा."

"पुढची वेळ नाही आता."

"असं म्हणू नये, कान ओढ."

बेल्किसनं कान ओढला आणि लाकडी खांबावर बोटं वाजवली. नेबाहतनं पदराखालून बापाचा चाकू काढला, धुतलेला, मिटलेला. क्षणभर अंगठा त्या खळग्यात ठेवला. मग तो भाचीच्या हातात न देता दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवला.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "सासरी घेऊन जा. मेलाहत हानिम बोलक्या वाटल्या मला."

बेल्किसनं तो उचलला.

"आणि रात्री उघडायला विसरू नकोस," आत्या म्हणाली. "जेवायचं असतं बिचारीला."